रेड अलर्ट आला की तुम्ही नक्की काय करता?

वाडीवाला | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात नोकरीला, आई-अप्पा श्रीवर्धन तालुक्यात गावी. आज दुपारी रायगडला उद्या-परवासाठी ऑरेंज अलर्ट आला आणि संध्याकाळपासून माझं आणि अप्पांचं फोनवर वाजतंय. म्हणून हा धागा. हवामान खातं बरोबर की चूक हा वाद इथे नको, तो दर पावसाळ्यात होतोच. मला वेगळं विचारायचंय. इशारा आला, तुम्ही वाचला. आता घरातून हलायचं की नाही, हे तुम्ही कशावरून ठरवता?

आधी आमची गोष्ट. २ जून २०२०. लॉकडाऊन चालू, मी पुण्यात अडकलेलो. टीव्हीवर दिवसभर निसर्ग चक्रीवादळ. पण सगळे कॅमेरे मुंबईकडे आणि अलिबागकडे, आमच्या बाजूचं नाव क्वचित. मी चौदा वेळा फोन केला. अप्पांचं एकच: "फयान वादळालाही असंच म्हणाले होते. दोन झावळ्या पडल्या. तू पुण्यात बसून मला वारा शिकवू नको."

संध्याकाळी पाचला त्यांचाच फोन आला, "आम्ही तुझ्या काकाकडे चाललोय." काकाचं घर स्लॅबचं, आमचं कौलारू. झालं होतं असं, की कोळीवाड्यातला आमचा शेजारी (त्याला मी दादा म्हणतो) याने मासेमारी बंद म्हणून किनाऱ्यावर ओढलेली होडी परत पाण्यात घातली, खाडीत आत कांदळवनाच्या आडोशाला नेली आणि चारी बाजूंनी दोर टाकून बांधली. वर ओढलेली होडी पुन्हा पाण्यात घालायची म्हणजे दहा-बारा माणसं आणि अर्धा दिवस. अप्पांनी ते पाहिलं आणि काही न बोलता घरी येऊन पिशवी भरायला घेतली. टीव्हीने नाही, मी नाही, होडीने हलवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आमच्याच किनाऱ्यावरून आत शिरलं. कौलं गेली, वासे गेले, पोफळीची (सुपारीची) बाग आडवी झाली. पोफळ धरायला सात-आठ वर्षं लागतात, अप्पा तेव्हा एकाहत्तरचे. तीन दिवस फोन लागला नाही. निघताना आईने सात-बारा, पासबुकं आणि रेशनकार्ड प्रेशर कुकरमध्ये घालून झाकण लावलं होतं. कुकर रिपा-कौलांच्या ढिगाखाली सापडला. वरून चेपलेला, आत कागद कोरडे.

इथवर ठीक. पुढची भानगड अशी, की गेल्या जुलैत रेड अलर्ट आला आणि अप्पांनी स्वतःहून टेम्पो करून फ्रीज, टीव्ही, कपाट काकांकडे हलवलं. दोन दिवस लख्ख ऊन. गावात त्याला "अप्पांचं वादळ" नाव पडलं, अजून चेष्टा चालते. त्यामुळे आता म्हणतात, मी हलणार नाही. घराच्या मागे डोंगर कापून रस्ता काढलाय, माती उघडी आहे, माझा जीव त्यात अडकलाय. आणि आईचं तिसरंच. घट बसलेत. अखंड दिवा आहे, तो टाकून कुठे जाणार?

सांगा.


ठाणेकर_८:१२ | सोमवार, रात्री ११:०५

आमच्याकडे सोपं आहे. लोकल चालू असेल तर निघायचं, बंद असेल तर नाही. रंग कुठलाही असो. ऑफिसमधून मेसेज येतो, "काळजी घ्या, सुरक्षित प्रवास करा". घरी थांबा असं त्यात कुठेही नसतं. सुट्टी टाकली आणि ऊन पडलं तर रजा माझी गेली. गेलो आणि कुर्ल्याला पाण्यात अडकलो तर मात्र "मुंबईचं स्पिरिट".

२६ जुलै २००५ ला मी कॉलेजात होतो. सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७४ च्या आसपास. माझा मामा फोर्टमध्ये कामाला. दुपारी घरी फोन करून म्हणाला, "कसला पाऊस, इथे तर रिमझिम आहे." तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चालत घरी पोचला. तेव्हापासून आमच्यात कोणी खिडकीबाहेर बघून पाऊस ठरवत नाही. पण मग कशावरून ठरवतो? सांगितलं ना, लोकल.


छत्रीविरहित | सोमवार, रात्री ११:३०

हवामान खात्याने पाऊस सांगितला की मी छत्री घरी ठेवतो. वीस वर्षांत फारसा भिजलेलो नाही. २०१७ ला माजलगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी तर खात्याविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली होती. पाऊस सांगितला, पेरलं, पाऊस आलाच नाही. चुकलं काय त्यांचं?


पर्जन्यमापक | मंगळवार, सकाळी ६:५०

धागाकर्त्याने हा वाद नको म्हटलंय, तरी आलाच. असो.

मी पाटबंधारे खात्यात होतो. सत्तावीस वर्षं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाची बाटली ओतून मोजली. म्हणून दोन गोष्टी सांगतो, ज्या माझ्या घरच्यांनाही नीट समजलेल्या नाहीत.

पहिली, रंग म्हणजे पावसाची मोजपट्टी नव्हे. हिरवा म्हणजे काही करायला नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. किती नुकसान होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, दोन्ही मिळून रंग ठरतो. पाऊस मोजायचे शब्द वेगळे. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर झाला तर मुसळधार, २०४.४ पर्यंत अति मुसळधार, त्याच्या वर अत्यंत मुसळधार. त्यात महसूलवाल्यांची "अतिवृष्टी" निराळी, मंडळात दिवसाला ६५ मिलीमीटर झाला की पंचनाम्याच्या भाषेत ती अतिवृष्टी. एकच पाऊस, दोन खाती, दोन नावं. माणूस गोंधळणार नाही तर काय.

दुसरी जास्त महत्त्वाची. "तुरळक ठिकाणी मुसळधार" हे वाक्य बातमीत रोज येतं. तुरळक हा तिथे बोलण्याच्या ओघात आलेला शब्द नाही, त्याला माप आहे. जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या ठिकाणांपैकी जास्तीत जास्त पाव ठिकाणी. "काही ठिकाणी" म्हणजे पावापासून अर्ध्यापर्यंत, "अनेक ठिकाणी" म्हणजे अर्ध्याच्या वर पाऊण भागापर्यंत, त्यापुढे "बहुतेक ठिकाणी". म्हणजे "रायगडमध्ये तुरळक ठिकाणी अति मुसळधार" हा अंदाज शंभर टक्के बरोबर ठरला, तरी जिल्ह्यातली निदान तीन चतुर्थांश माणसं म्हणणार, आमच्याकडे आलाच नाही. माथेरानला कोसळला आणि तुमच्या वाडीत ऊन पडलं, तर अंदाज चुकला नाही. तुमच्या वाडीवर पडला नाही, एवढंच.

आता छत्रीवाल्यांना. माजलगावच्या तक्रारीतला राग खोटा नव्हता. दुबार पेरणी काय असते ते मी शेजारी उभं राहून पाहिलंय. पण महिन्या-हंगामाचा अंदाज आणि उद्याचा इशारा या दोन वेगळ्या जाती आहेत. पहिल्याचा राग दुसऱ्यावर काढू नका.


छत्रीविरहित | मंगळवार, सकाळी ७:१५

काका, तुरळकचं माप खरंच ठाऊक नव्हतं. पण मग हे बातमीत का सांगत नाहीत? पाव जिल्ह्यासाठी अख्ख्या जिल्ह्याला भोंगा.


पर्जन्यमापक | मंगळवार, सकाळी ७:२०

कुठला पाव, ते आदल्या दिवशी कोणालाच माहीत नसतं. म्हणून.


नाखव्याची_लेक | मंगळवार, सकाळी ९:३०

वाडीवाला दादा, तुमच्या अप्पांनी होडी बघून ठरवलं हे वाचून हसू आलं. कारण आम्ही कोणाकडे बघतो सांगू? सगळ्यात जुन्या तांडेलाकडे, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याकडे. आणि तो बघतो बाजूच्या बंदरातल्या बोटी आत आल्या का. असं सगळं एकमेकांकडे बघून चाललेलं असतं. पहिला कोण हलणार, हाच प्रश्न.

बाहेरच्यांना वाटतं, बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढला की बोटी परत. तीन नंबरचा बावटा लागला तरी बोट फिरवणं म्हणजे काय ते सांगते. ट्रिपला निघताना डिझेल भरलं, बर्फ भरला, राशन भरलं, खलाशांना उचल दिली. यातलं बरंचसं उधारीवर. दुसऱ्या दिवशी परत फिरलात तर बर्फ वितळला, डिझेल जळलं, जाळ्यात काही नाही, उधारी तशीच. आणि तुम्ही फिरलात, बाजूचा फिरला नाही, वादळ आलं नाही, तर तो पापलेट घेऊन येणार आणि तुम्ही त्याचं तोंड बघणार. असं वर्षातून तीनदा झालं की चौथ्यांदा तांडेल म्हणतो, बघू रात्रीपर्यंत.

माझे बाबा वाऱ्यावरून, पाण्याच्या रंगावरून, लाटेच्या अंतरावरून सांगायचे. बरंच खरं निघायचं. पण २००९ च्या नोव्हेंबरात फयान आलं तेव्हा ते म्हणाले होते, नारळी पौर्णिमा होऊन तीन महिने झाले, आता कसलं वादळ. आमची बोट बिघाड होऊन धक्क्याला लागली होती म्हणून बाबा घरी होते. बाहेर गेलेल्या कितीतरी बोटी आल्या नाहीत. त्यानंतर बाबांनी अनुभवावर बोलणं सोडलं नाही, पण वायरलेस बंद करून झोपणं सोडलं.

मला विचाराल तर एकच मागणं आहे. बंदरातल्या सगळ्यांनी एकत्र परत यायचं ठरलं, आणि त्या बर्फ-डिझेलचं काही भरून मिळालं, तर कोणाला धाडस करायची हौस नाही. बावटा फुकट आहे. परत येणं फुकट नाही.


निफाडचा_बागायतदार | मंगळवार, दुपारी १:४५

शेवटची ओळ आमच्याकडे जशीच्या तशी लागू.

द्राक्षाचं ऐका. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल तयार होत आला की मोबाईलवर येतं, उत्तर महाराष्ट्रात गारपिटीची शक्यता. साखर अजून पुरेशी भरलेली नाही, आठवडाभर थांबलं तर भाव चांगला. आज काढला तर आंबट माल, कमी पैसे. थांबलो आणि पाऊस झाला तर मणी तडकतात. गार पडली तर विषयच संपला. २०१४ ची गारपीट ज्याने पाहिली, तो आभाळात ढग दिसला तरी बागेत जाऊन उभा राहतो. उभं राहून काय करणार? काही नाही. पण घरात बसवत नाही.

यात एक गंमत आहे, जी शहरात कोणी सांगत नाही. तो अंदाज आमच्या आधी व्यापारी वाचतो. सकाळी इशारा आला की दहा वाजता फोन येतो, "भाऊ, पाऊस सांगितलाय, आज देता का?" आणि भाव किलोमागे पाच-सात रुपये खाली. म्हणजे पाऊस येवो न येवो, इशाऱ्याने माझं नुकसान आधीच केलं. मी घाबरून दिला आणि आभाळ मोकळं राहिलं, तर तो जिंकला. एका वर्षी असा दिला. पुढच्या वर्षी हट्टाने धरून ठेवला आणि दोन एकर तडकली. आता अर्धा देतो, अर्धा ठेवतो. याला निर्णय म्हणत नाहीत हे मला कळतं, पण झोप लागते.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अंदाजवाल्यांबद्दल लोक इथे नाक मुरडतील. पण ते का चालतात ते बघा. ते "तुरळक ठिकाणी" म्हणत नाहीत. "चोवीस तारखेला निफाड, दिंडोरी, चांदवड, कांदा झाकून घ्या" म्हणतात. गावाचं नाव, तारीख आणि काय करायचं ते. चुकतात भरपूर. तरी माणूस ऐकतो, कारण तो आपल्याशी बोलतोय असं वाटतं.


गणिताचा_तास | मंगळवार, दुपारी २:३०

बागायतदारांनी जे केलं त्याला साधा हिशोब आहे. खबरदारीचा खर्च भागिले टळणारं नुकसान. संकट येण्याची शक्यता त्या भागाकाराच्या वर असेल तर हला, खाली असेल तर बसा.

अप्पांचं उदाहरण घेऊ. समजा टेम्पो आणि दगदग मिळून दोन हजार. न हलता पाणी शिरलं तर सामानाचं नुकसान दोन लाख. भागाकार शंभरात एक. म्हणजे नव्याण्णव वेळा फुकट धावपळ झाली आणि एकदा कामाला आली, तरी बरोबरी. "गेल्या वेळी काही झालं नाही" हा मुद्दाच उरत नाही. उलट द्राक्षात खबरदारीचा खर्चच नुकसानाच्या अर्धा असेल, तर पन्नास टक्क्यांच्या खाली हलणं तोट्याचं. तेव्हा एकाच अलर्टवर अप्पांनी हलणं आणि बागायतदारांनी थांबणं, दोन्ही बरोबर असू शकतं.


सुनंदा_जोशाळी | मंगळवार, दुपारी ३:०५

गणित छान, पण त्यात "गाव हसलं" याचा खर्च कुठे लिहिलात? बहात्तर-पंचाहत्तरच्या माणसाला टेम्पोच्या दोन हजारांचं काही नसतं. चावडीवर बसल्यावर कोणीतरी "काय अप्पा, आज वादळ कुठपर्यंत आलंय" म्हणतं, ते लागतं.

आणि बायकांचं विचारा. सरकारी निवारा म्हणजे शाळा. शाळेत दोन संडास, एकाला कडी नाही. मी स्वतः एका पुरात तशा शाळेत दोन रात्री काढल्यात. संध्याकाळनंतर पाणी प्यायचंच नाही असं आम्ही बायकांनी ठरवलं होतं. पुढच्या वेळी "चला" म्हटल्यावर पाय का उचलत नाही, ते कोणी विचारत नाही. लोक हट्टी आहेत म्हणून मोकळे होतात.

आईंच्या दिव्याचं: दिव्यावरून दिवा लावून घ्या. वात मोठी, कंदिलात काच लावून. आम्ही नवरात्रात घर बदललं तेव्हा असाच नेला होता. पुढे मी कंदील घेऊन, मागे सासूबाई तेलाची बाटली घेऊन. देवाला चालतं.


पंचगंगाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

आमच्या कोल्हापुरात रंगबिंग कोणी विचारत नाही बगा. आम्ही फूट विचारतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला पाणी किती? ३९ इशारा, ४३ धोका. पावसाळ्यात चहाच्या गाड्यावरसुद्धा नमस्काराच्या आधी फूट. मला वाटतं, आमच्याकडं लोक जरा लवकर हलतात त्याला हे कारण आहे. फूट कळतो. आज सकाळी ३८, दुपारी ३९, म्हणजे पाणी तुमच्याकडं चालत यायला लागलंय हे डोळ्याला दिसतं. "अति मुसळधार" डोळ्याला दिसत नाही.

पण यातच आम्ही फसलो पण. २००५ च्या पुराची रेघ आमच्या भिंतीवर होती, वडिलांनी ऑइलपेंटनं मारलेली. तिसऱ्या पायरीच्या वर चार बोटं. २०१९ ला सगळी गल्ली त्या रेघेवर भरवसा ठेवून बसली. माल रेघेच्या वर हातभर, गव्हाची पोती रेघेच्या वर, गाडी रेघेच्या वर. पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं. रेघ कुठं गेली दिसलीच नाही. आम्ही माडीवरनं बोटीत उतरलो. म्हशी दोन सोडल्या होत्या, एक दावणीलाच राहिली. ते बोलत नाही.

२०२१ ला पाणी ५६ च्या पण वर गेलं. पण त्या वेळी आमच्या घरात निर्णय म्हशीनं घेतला असं म्हणायला हरकत नाही. आई म्हणाली, माणसं मागनं जातील, जनावरं आज. जनावरं गेल्यावर धार काढायला माणूस जाणारच की ओ. दोन दिवस आधी सगळे पाहुण्यांच्यात. वाडीवाला, तुमच्यात जनावर हाय काय? असलं तर आधी ते हलवा.


चिपळूण_बाजारपेठ | मंगळवार, संध्याकाळी ६:००

रेघेचं अगदी खरं. आमच्या दुकानात प्रत्येक भरतीला, प्रत्येक इशाऱ्याला माल माळ्यावर चढवायची सवय. २२ जुलै २०२१ च्या पहाटेही चढवला. वाशिष्ठी नदी माळ्यावर आली. जास्त लिहीत नाही.


ह्यूस्टनचा_पाहुणा | मंगळवार, रात्री ८:४०

वेगळा अनुभव. मी २००५ पासून ह्यूस्टनला आहे. त्या ऑगस्टमध्ये कतरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लीन्सला झालं आणि तीन आठवड्यांनी रिटा आमच्या दिशेने. टीव्हीवर ताजी प्रेतं पाहिलेली माणसं, सगळं शहर एकदम निघालं. पंचवीस लाखांच्या वर लोक रस्त्यावर. आम्ही अठरा तासांत ऐंशी किलोमीटर गेलो, एसी बंद करून, कारण पेट्रोल संपत होतं. वादळ शेवटी पूर्वेला वळलं. टेक्सासमध्ये जे लोक गेले त्यांतले बहुतेक वाऱ्या-पाण्याने नाही, त्या पळापळीत गेले. वृद्धाश्रमातल्या लोकांना नेणाऱ्या एका बसला आग लागून २३ जण दगावले.

२०१७ ला हार्वी आलं तेव्हा महापौरांनी शहर रिकामं करायला सांगितलंच नाही, रिटाची आठवण ठेवून. शहर पाण्यात गेलं, आम्ही वरच्या मजल्यावर चार दिवस. त्या निर्णयावर इथे अजून भांडणं होतात.

सांगायचं एवढंच की "हला" हा सल्लाही फुकटचा सुरक्षित नाही. अप्पा काकांकडे जाणार म्हणजे किती लांब? चालत दहा मिनिटं असेल तर प्रश्नच नाही. रात्री घाटातून पुण्याला आणायचा विचार असेल तर कृपा करून नको.


पारादीप_माजी | मंगळवार, रात्री ९:१५

ओडिशात नोकरीला होतो, २०१३ च्या फायलिन चक्रीवादळाच्या वेळी तिथेच. १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली होती. फायलिनला दहा लाखांच्या वर लोक हलवले आणि मृत्यू काही डझनांवर थांबले. सगळे म्हणतात उपग्रह सुधारले, रडार आले. ते आहेच. मी जे पाहिलं ते सांगतो. आमच्या कामगार वस्तीत एक पोरगा यायचा, गावचाच, स्वयंसेवक. दर वर्षी सरावाला तोच, भोंगा तपासायला तोच. त्या दिवशीही तोच आला. एका म्हातारीने नाही म्हटल्यावर तो वाद घालत बसला नाही. तिची पेटी उचलून चालायला लागला. पेटीमागे म्हातारी. निवारा म्हणजे पोरांची रोजचीच शाळा, खांबांवर उंच बांधलेली. अनोळखी जागा नव्हती.

२०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे फोन एकदम भोंग्यासारखे ओरडले होते, आठवतं? चाचणी होती. ते तंत्र चांगलंच आहे. पण फोन पेटी उचलत नाही.


ठाणेकर_८:१२ | मंगळवार, रात्री ९:३०

पेटीवाल्या पोराला साष्टांग. वाडीवाला, काय झालं पुढे? पाऊस आला का?


वाडीवाला | मंगळवार, रात्री ११:१०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, आभार नंतर मानतो.

आज सकाळी अप्पांना फोन केला तेव्हा "हला" म्हटलंच नाही. विचारलं, "दादाची होडी कुठे आहे?" म्हणाले, काल रात्रीच आत आली, पण खाडीत नेलेली नाही, धक्क्यालाच आहे. म्हणजे वाऱ्याचं फार भय नाही असं त्यांचं निदान. ठीक. मग म्हटलं, मागच्या डोंगराचं काय, तो होडीला दिसत नाही. त्यावर गप्प. दुपारी स्वतः मागे जाऊन बघून आले. कापलेल्या बाजूने गढूळ पाण्याची धार सुरू झालीय, काल नव्हती. २०२१ ला तळियेत दरड कोसळून काय झालं ते त्यांना सांगावं लागत नाही, आमच्या आत्याचे सासरचे त्याच महाड तालुक्यातले आहेत.

मग दादाला फोन केला आणि पारादीपवाल्यांची पेटी त्याला सांगितली. तो हसला. संध्याकाळी घरी गेला आणि अप्पांना म्हणाला, "काका, पत्त्याला चौथा माणूस नाहीये, चला." काकाचं घर वरच्या आळीत, चालत सात मिनिटं, डोंगरापासून लांब. अप्पा आईला म्हणाले, "मी पत्ते खेळायला जातोय, तूही चल, इथे एकटी काय करशील." अलर्ट हा शब्द कोणी उच्चारला नाही. टेम्पो नाही, फ्रीज नाही. कागद कुकरमध्ये. चेपलेला जुना कुकर आईने त्यासाठीच ठेवलाय.

सुनंदाताई, कंदिलाची काच मिळाली. दादाच्या बायकोने पुढे कंदील धरला, आई मागून छत्री धरून. छत्री कंदिलावर, आई भिजत.


वाडीवाला | बुधवार, दुपारी १२:२०

रात्री पाऊस बऱ्यापैकी पडला. मागच्या रस्त्यावर दोन टोपल्या माती आली असेल-नसेल, घराला काही नाही. सकाळी उघडीप.


पंचगंगाकाठ | बुधवार, दुपारी १२:३५

गाव हसलं काय?


वाडीवाला | बुधवार, दुपारी १२:५०

हसलं. पण अप्पा पत्त्यात सव्वाशे रुपये जिंकलेत, त्यामुळे आज रात्रीही तिकडेच राहायचं म्हणतायत. येलो अलर्ट आहे, ते मी सांगितलेलं नाही.